उघड्या फायलींची मोजदाद

प्रस्तावना

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक निरोप कधी ना कधी येतोच : ‘टू मेनी ओपन फाइल्स’. बऱ्याचदा तो पडद्यावर दिसतही नाही. लॉगमधल्या हजारो ओळींत कुठेतरी दबून पडलेला असतो. साइट उघडत नाही म्हणून फोन सुरू होतात. डिस्क पाहावी तर अर्धी रिकामी, मेमरी पाहावी तर भरपूर, आणि प्रोग्राम मात्र हटून बसलेला, की मला आणखी एकही फाइल उघडता येत नाही. मग कोणीतरी शोधाशोध करतो, ‘यूलिमिट’ची आज्ञा सापडते, १०२४ चे ६५५३५ होतात, सेवा पुन्हा चालू केली जाते आणि सगळे शेवटची लोकल पकडतात. काही आठवड्यांनी तोच निरोप पुन्हा येतो. तेव्हा आकडा दहा लाख होतो.

हे पुस्तक त्या आकड्याबद्दल आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आकडा वाढवणे हे कधी कधी बरोबर उत्तर असते. एरवी त्याने दुखणे झाकले जाते. उघडलेले बंद न करणारा प्रोग्राम आपल्याला वेळेवर सापडतो तो याच आकड्यामुळे, म्हणून त्याला हात लावण्याआधी तो कोणता आकडा, कोणी ठरवला आणि कशाच्या हिशेबाने, एवढे तरी ठाऊक असावे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जाड पाठ्यपुस्तकांत या विषयाला एखादे पान मिळते, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. नोकरीत मात्र तो पहिल्याच वर्षी येतो.

आधी फाइल म्हणजे काय ते. युनिक्सच्या घराण्यात डिस्कवर साठवलेला मजकूर ही फाइल आहेच, पण कीबोर्ड, पडदा, प्रिंटर, दोन प्रोग्रामांना जोडणारा पाइप, नेटवर्कवरून येऊन थांबलेला ग्राहक हेही प्रोग्रामला फाइलसारखेच भेटतात. ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामच्या हाती खरी वस्तू देत नाही, एक छोटा पूर्णांक देते. हाच फाइल डिस्क्रिप्टर. नव्वदीच्या आधी ज्यांनी बँकेतून पैसे काढले आहेत त्यांना पितळी टोकन आठवेल. चेक दिला की कारकून टोकन हातावर ठेवी आणि कॅशियर नंबर पुकारीपर्यंत आपण बाकावर बसून राहायचे. टोकनावरच्या १७ ला स्वतःचा असा अर्थ नसे. मुलुंडच्या शाखेतला १७ वेगळा, घाटकोपरच्या शाखेतला वेगळा. त्या त्या शाखेच्या वहीत त्याच्यासमोर काय लिहिले आहे तोच त्याचा अर्थ. डिस्क्रिप्टरचेही तसेच. दोन प्रोग्रामांपाशी एकाच वेळी ३ हा क्रमांक असू शकतो आणि दोघांच्या फायली अगदी वेगळ्या असू शकतात. टोकने पेटीत असतील तेवढीच, आणि एखाद्याने ते खिशात घालून घर गाठले तर पेटीत एक कमी.

बँकेत कोणते टोकन मिळेल याचा नेम नसे, युनिक्समध्ये आहे. मोकळ्या क्रमांकांतला सर्वांत लहान क्रमांक द्यायचा, हा तिथला कायदा. ०, १ आणि २ हे अनुक्रमे आत येणारा मजकूर, बाहेर जाणारा मजकूर आणि चुकांचे निरोप यांच्यासाठी प्रोग्राम सुरू होतानाच दिलेले असतात, म्हणून आपण उघडलेल्या पहिल्या फाइलला बहुधा ३ मिळतो. शेलमध्ये बाणाची खूण वापरून आपण पडद्यावरचा मजकूर फाइलमध्ये वळवतो, ती करामत याच कायद्यावर उभी आहे : १ बंद करायचा आणि लगेच फाइल उघडायची, मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक १ च, तो तिला मिळतो. प्रोग्रामला काही पत्ताच लागत नाही.

हिशेब तीन ठिकाणी ठेवला जातो. प्रत्येक प्रोसेसची स्वतःची क्रमांकांची यादी असते. त्या यादीतला प्रत्येक क्रमांक साऱ्या यंत्राच्या सामाईक तक्त्यातल्या एका नोंदीकडे बोट दाखवतो. फाइल वाचायची आहे की लिहायची आणि आतापर्यंत कुठवर वाचून झाली हे त्या नोंदीत असते. ती नोंद पुढे तिसऱ्या तक्त्याकडे, म्हणजे आयनोडकडे जाते, जिथे खुद्द फाइलची माहिती आहे. मधला तक्ता का हवा, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. एका प्रोसेसने दुसरीला जन्म दिला की दोघी मधली नोंद वाटून घेतात, त्यामुळे एकीने शंभर अक्षरे वाचली की दुसरीचे वाचन एकशे एकापासून सुरू होते. पण दोन परक्या प्रोसेसनी तीच फाइल आपापली उघडली तर नोंदी दोन होतात आणि दोघींच्या खुणा स्वतंत्र राहतात. मधला तक्ता नसता तर या दोन्ही गोष्टी एकदम साधल्या नसत्या.

तक्ते वेगळे म्हणून मर्यादाही वेगळ्या, आणि चुकांचे क्रमांकही. प्रोसेसची स्वतःची यादी भरली तर चूक क्रमांक २४ येतो. साऱ्या यंत्राचा तक्ता भरला तर २३. पहिल्या प्रसंगी एक प्रोग्राम अडतो. दुसऱ्या प्रसंगी यंत्रावरचे सगळेच अडतात, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला लॉगिन करणेही कठीण होते, कारण लॉगिन करायलाही फायली उघडाव्या लागतात. लिनक्सने यातून पळवाट ठेवली आहे : विशेष अधिकार असलेल्या रूटला ही सामाईक मर्यादा ओलांडता येते. दोन्ही निरोपांचे शब्द इतके मिळतेजुळते आहेत की घाईत माणूस भलत्याच दाराची कडी काढत बसतो.

आता इतिहास. त्यात मी पुस्तकाची बरीच पाने खर्च केली आहेत, त्यामुळे इथे थोडक्यात. बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्स उभी केली. १९७५ ची तिची सहावी आवृत्ती आजही पूर्ण वाचता येते. तिच्यातल्या एका लहानशा फाइलमध्ये साऱ्या यंत्राच्या मर्यादा ओळीने लिहिल्या आहेत : एका प्रोसेसला १५ उघड्या फायली, साऱ्या यंत्रात १००, आणि प्रोसेसची संख्या ५०. पन्नास गुणिले पंधरा म्हणजे साडेसातशे. तक्त्यात जागा शंभर. हे भागत असे कसे? एकीपासून दुसरी जन्मलेली प्रोसेस ०, १, २ च्या नोंदी आईबरोबर वाटून घेते, त्यामुळे एका टर्मिनलवरच्या सगळ्या प्रोसेस मिळून मोजक्याच नोंदी खर्च करीत. शिवाय पन्नास जणांना एकाच क्षणी पंधरा पंधरा फायली लागतील असे होत नसे. हा हिशेब धाडसाचा होता आणि तो बरोबर ठरला.

एवढी काटकसर का, याचे उत्तर त्या यंत्रात आहे. पीडीपी-११/४० वर कर्नेलला एका वेळी ६४ किलोबाइट जागाच दिसे. त्यात कर्नेलचा सगळा कोड आणि सगळे तक्ते बसवायचे. मधल्या तक्त्यातली एक नोंद आठ बाइटची, शंभर नोंदींचे आठशे बाइट. प्रत्येक प्रोसेसची पंधरा क्रमांकांची यादी तीस बाइटची. आज एका इमोजीच्या चित्राला याहून जास्त जागा लागते. तक्ते ठरावीक आकाराचे होते. मर्यादा वाढवायची तर आकडा बदलून कर्नेल नव्याने कंपाइल करायचे. म्हणजे सुरुवातीला मर्यादा हा नियम नव्हताच, ती शिल्लक जागा होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत १५ चे २० झाले आणि पुढे कित्येक वर्षे तो वीसचा आकडा प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या हाडीमाशी खिळून राहिला.

सहाव्या आवृत्तीच्या या ओळी जगाला माहीत झाल्या त्या ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांच्यामुळे. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सगळा कोड आणि त्यावरचे भाष्य छापले. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते उघडपणे विकता येईना, आणि १९९६ मध्ये पुस्तकरूपाने येईपर्यंत ते झेरॉक्सच्या प्रतींवर फिरत राहिले. झेरॉक्सवर शिकणे ही गोष्ट मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना नवी सांगायला नको. विद्याविहारच्या सोमय्यापासून अंधेरीच्या सरदार पटेलपर्यंत प्रत्येक कॉलेजच्या दाराशी एक झेरॉक्सवाला असतोच, आणि अभ्यासक्रम बदलला की तो प्राध्यापकांच्या आधी सांगतो.

युनिक्स आमच्या उपनगरांत कशी आली, हे एका प्रकरणात सांगितले आहे. ते मला लिहायला सर्वांत आवडले. निर्यातीसाठी राखलेले सीप्झ हे क्षेत्र १९७३ चे, अंधेरीच्या एमआयडीसीला लागून. टाटा बरोज आणि टीसीएससारख्या कंपन्यांनी तिथून परदेशी ग्राहकांची कामे केली, पण ती बरीचशी मोठ्या मेनफ्रेमवरची. पवईत १९५८ पासून आयआयटी होती. तिसरे ठिकाण जुहूला : नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका केंद्रातून १९८५ मध्ये ती स्वतंत्र झाली, डॉ. एस. रमणी तिचे संचालक. अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या पहिल्या दिवसांत जुहू आणि पवई यांच्यात साध्या टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ लागली. समुद्राजवळच्या गुलमोहर मार्गावरची ती इमारत आणि पवईच्या तलावाकाठची प्रयोगशाळा यांच्यामधला मेल वाहणारी यंत्रे युनिक्सची होती. एनसीएसटीची ‘सीएसटी’ नावाची परीक्षा असे. दक्षिण मुंबईतल्या, पूर्वी याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्टेशनाशी तिचा काही संबंध नव्हता, पण ती पास होणे अनेकांना तितकेच गर्दीचे वाटे. २००३ मध्ये ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

दुसरी वाट बँकांची. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत संगणक येऊ लागले, संघटनांचा विरोध होता तरी आले, आणि त्या यंत्रांत युनिक्सला मोठे स्थान मिळाले. त्यामुळे युनिक्स येणाऱ्या माणसांची गरज एकदम वाढली आणि उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. तिथे शिकवायला मॉरिस बाख यांचे युनिक्सवरचे १९८६ चे पुस्तक असे. तीन तक्त्यांची आकृती बहुतेकांनी प्रथम त्यातच पाहिली. आपल्या लोकांनीही लिहिले. पवईला शिकवणाऱ्या धनंजय धामधेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचे पुस्तक मुंबई विद्यापीठाच्या मुलांच्या पिढ्यांनी वापरले. सोलापूरहून येऊन पवईच्या आयआयटीत केमिकल इंजिनिअरिंग केलेल्या अच्युत गोडबोले यांनीही ऑपरेटिंग सिस्टिम्सवर पाठ्यपुस्तक लिहिले. दोघांचीही ती पुस्तके इंग्रजीत आहेत. गोडबोल्यांनी पुढे मराठीत इतके विषय आणले, पण हा तांत्रिक गाभा मराठीत आणायचे काम मागे राहिले, ही माझी तक्रार आहे आणि या पुस्तकाचे एक कारणही.

पण खरे सांगायचे तर उपनगरांतल्या सामान्य कारकुनाने ही मर्यादा युनिक्सवर पाहिलीच नाही. त्याने ती डॉसवर पाहिली. मरोळच्या गाळ्यांत, घाटकोपरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत ऐंशी-नव्वदच्या दशकांत हिशेबाचे प्रोग्राम डीबेस आणि फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले असत. खातेवहीची एक फाइल, व्हाउचरची एक, मालाची एक, पार्ट्यांच्या पत्त्यांची एक. प्रत्येकीच्या दोनतीन इंडेक्स फायली वेगळ्या. डॉसला मात्र काही सांगितले नाही तर ती साऱ्या यंत्रात आठच फायली उघडू देई. ‘कॉन्फिग.सिस’ या फाइलमध्ये ‘फाइल्स=२०’ किंवा ‘फाइल्स=४०’ अशी ओळ लिहून यंत्र बंद करून चालू करायचे. ही ओळ कुठे लिहायची हे ज्याला ठाऊक तो त्या गल्लीतला तज्ज्ञ. त्याला चहा मिळे आणि कधी कधी पैसेही.

त्या ओळीने सगळे सुटत नसे, आणि इथेच डॉसची गोष्ट शिकण्यासारखी आहे. साऱ्या यंत्राची मर्यादा २५५ पर्यंत वाढवता येई, पण प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर डॉस जी माहितीची पट्टी ठेवी तिच्यात फायलींसाठी जागा वीसच होत्या. त्यांतल्या पाच आधीच गेलेल्या : कीबोर्ड, पडदा, चुकांचा पडदा, सिरीयल पोर्ट आणि प्रिंटर. उरल्या पंधरा. डीबेस थ्री प्लसच्या माहितीपुस्तिकेत एका वेळी सर्व प्रकारच्या मिळून पंधरा फायली अशी अट होती. ती कुठून आली हे ही वजाबाकी केली की कळते. म्हणजे ‘फाइल्स=९९’ लिहूनही फॉक्सप्रो किंवा डीबेस कुरकुरला तर दोष त्या ओळीचा नव्हता, दुसऱ्याच मर्यादेचा होता. डॉस ३.३ पासून प्रोग्रामला ही पट्टी मोठी करून मागता येऊ लागली, पण मागणारे प्रोग्राम थोडे. एकाच तक्रारीमागे एकात एक बसलेल्या दोन मर्यादा, आणि माणसाला दिसते ती बाहेरची : आजच्या सर्व्हरवरही नेमके हेच घडते.

याचा आणखी एक सुरस नमुना सन कंपनीच्या सोलॅरिसवर होता. तिथे कर्नेल हजारो फायली द्यायला राजी असे, पण ३२-बिट प्रोग्रामाने सी भाषेच्या नेहमीच्या ग्रंथालयातून फाइल उघडली की २५५ पुढचा क्रमांक चालत नसे. कारण काय, तर त्या ग्रंथालयाच्या अंतर्गत रचनेत क्रमांक ठेवायला एकच बाइट राखला होता, आणि एका बाइटमध्ये २५५ च्या पुढे काही मावत नाही. तो रुंद करावा तर आधी कंपाइल झालेले जगभरचे प्रोग्राम बिघडले असते. ग्राहकांना दिलेले वचन पाळण्यासाठी सनने तो एक बाइट वर्षानुवर्षे जपला. मला या हट्टाबद्दल आदर वाटतो.

आता १०२४. हा आकडा लिनक्सवर आजही जिथे तिथे भेटतो आणि त्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. मेमरी गिगाबाइटांत मोजायच्या दिवसांत एका प्रोसेसला हजार फायलींचीच परवानगी, हे ऐकून नवा माणूस हसतो. उत्तर १९८३ च्या बीएसडी युनिक्समध्ये आहे. तिथे ‘सिलेक्ट’ नावाची सोय आली : अनेक डिस्क्रिप्टरांची यादी द्या, कोणावर काही आले की सांगते. ही यादी म्हणजे बिटांची पट्टी. क्रमांक ७० पाहायचा असेल तर सत्तरावा बिट लावायचा. लिनक्सच्या सी ग्रंथालयात ही पट्टी १०२४ बिटांची, म्हणजे १२८ बाइटची, आणि तिची लांबी प्रोग्राम कंपाइल होतानाच ठरून जाते. अशा प्रोग्रामाच्या हाती १५०० हा क्रमांक पडला तर तो पट्टीच्या बाहेर, शेजारच्या मेमरीत बिट लावून मोकळा होतो. लगेच कोसळला तर नशीब. पुष्कळदा तो चुकीची उत्तरे देत चालत राहतो. नंतर ‘पोल’ आले, २००२ मध्ये लिनक्सच्या विकास-आवृत्तीत ‘ईपोल’ आले, त्यांना ही पट्टी लागत नाही. पण सिलेक्ट वापरणारे जुने प्रोग्राम अजून आहेत, आणि तुमच्या यंत्रावर त्यांतला एक नक्की असेल.

इथे लिनक्समधली दोन पायऱ्यांची व्यवस्था उपयोगी पडते : मऊ मर्यादा आणि कठीण मर्यादा. मऊ मर्यादा लागू होते. प्रोग्राम स्वतः मागून ती कठीण मर्यादेपर्यंत नेऊ शकतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. कठीण मर्यादा वाढवणे मात्र रूटच्या हाती. पूर्वी या दोन्ही १०२४ आणि ४०९६ अशा जवळजवळ असत. लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या सिस्टिमडीच्या डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या २४० व्या आवृत्तीने कठीण मर्यादा ५,२४,२८८ वर नेली आणि मऊ मर्यादेला हातही लावला नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. ज्या प्रोग्रामाला मोठे क्रमांक पेलतात त्याने पुढे होऊन मागून घ्यावे. ज्याला पेलत नाहीत त्याला ते न मागता मिळू नयेत. गो भाषेने २०२२ च्या १.१९ आवृत्तीपासून हे मागणे आपोआप करून टाकले, कारण तिची यंत्रणा सिलेक्टवर चालत नाही. पण इंटरनेटवरून उचललेला उपाय साऱ्या यंत्राची मऊ मर्यादाच वाढवा म्हणतो, आणि ज्याच्यासाठी ती राखून ठेवली होती तो जुना प्रोग्राम नेमका उघड्यावर पडतो.

साऱ्या यंत्राच्या मर्यादेचे काय? लिनक्सचे कर्नेल सुरू होताना सरळ हिशेब करते : एक उघडी फाइल, तिच्या आयनोड वगैरेसकट, साधारण एक किलोबाइट खाते, फायलींनी मेमरीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाऊ नये. आठ गिगाबाइटच्या यंत्राला त्यामुळे सुमारे आठ लाखांची मर्यादा मिळते. सिस्टिमडीच्या त्याच २४० व्या आवृत्तीने ही मर्यादाही जवळजवळ काढून टाकली. आजच्या यंत्रावर विचारले तर एकोणीस आकडी संख्या उत्तरादाखल येते. त्यामागचा युक्तिवाद असा, की उघड्या फायलींनी खाल्लेली मेमरी आता प्रोसेसच्या प्रत्येक गटाच्या मेमरीच्या खात्यात मोजली जाते, मग वेगळी मोजदाद कशाला.

आणि मर्यादा नसण्याची शिक्षा काय असते तेही दिसले. कंटेनर चालवणाऱ्या काही व्यवस्थांनी प्रत्येक प्रोसेसची मर्यादा ‘अमर्याद’ ठेवली. प्रत्यक्षात ती सुमारे १०७ कोटी झाली. पार्श्वभूमीत जाणाऱ्या जुन्या प्रोग्रामांची एक सवय असते : सुरुवातीला मर्यादा विचारायची आणि ३ पासून त्या आकड्यापर्यंतचा प्रत्येक क्रमांक एकेक करून बंद करायचा, न जाणो काही उघडे राहिले असेल. मर्यादा १०२४ असताना हे काम क्षणात होई. १०७ कोटींना प्रोसेसर कित्येक मिनिटे पूर्ण ताकदीने फिरत राही आणि माणसाला वाटे प्रोग्राम अडकला. क्रमांकांची सगळी रांग एका झटक्यात बंद करण्याची सोय लिनक्सच्या ५.९ आवृत्तीत, २०२० मध्ये आली. तोवर आकडा लहान करणे हाच उपाय होता. आकडा वाढवण्याच्या सल्ल्यांनी भरलेल्या जगात तो कोणाला सुचत नसे.

गळतीवरचे प्रकरण सर्वांत लांब आहे, कारण खरे काम तिथे आहे. अंधेरीतल्या एका कार्यालयात पाहिलेला प्रकार सांगतो. शेअर बाजाराशी संबंधित काम, त्यामुळे सकाळी सव्वानऊला ग्राहक एकदम येत. गर्दीच्या वेळीच सेवा बसे, म्हणून सर्वांनी निदान केले की ग्राहक जास्त झाले, मर्यादा वाढवा. प्रोसेसच्या उघड्या डिस्क्रिप्टरांची संख्या दर तासाला टिपायला लावली तेव्हा दिसले की ती रात्रीही वाढते. रात्री ग्राहक नसतात. एक अहवाल तयार करणारा भाग फाइल उघडे, मजकुरात काही चूक सापडली की मधूनच परत फिरे, आणि त्या वाटेवर फाइल बंद करायची ओळच नव्हती. सकाळपर्यंत बहुतेक क्रमांक असे अडकून पडत, उरलेले गर्दी संपवी. ग्राहक हे निमित्त होते. जावात २०११ पासून अशा वाटेवरही फाइल आपोआप बंद करणारी रचना आहे, पायथनमध्ये आहे; ती न वापरायला आता सबब उरलेली नाही.

अशा वेळी दोन लबाड्या घडतात, त्या आधीच ओळखून असाव्यात. मर्यादा संपलेला प्रोग्राम स्वतःची लॉग फाइल नव्याने उघडू शकत नाही, म्हणून जिथे कारण लिहिले जायला हवे तिथेच कोरे असते. आणि दारात उभा नवा ग्राहक आत घेता येत नाही, पण दार वाजतच राहते; प्रोग्राम पुन्हा पुन्हा तो घ्यायला जातो, पुन्हा पुन्हा २४ क्रमांकाची चूक खातो, आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. मग लोक प्रोसेसरच्या मागे लागतात. यावरची एक जुनी युक्ती मला फार आवडते : सुरुवातीलाच एक बिनकामाची फाइल उघडून क्रमांक राखून ठेवायचा, वेळ आली की तो सोडायचा, ग्राहक आत घ्यायचा, नम्रपणे त्याला निरोप द्यायचा, आणि क्रमांक पुन्हा राखायचा.

कोणी काय उघडे ठेवले आहे हे पाहण्यासाठी पर्ड्यू विद्यापीठातल्या विक एबेल यांनी लिहिलेले ‘एलएसओएफ’ आहे, आणि लिनक्सवर ‘प्रॉक’ या निर्देशिकेत प्रत्येक प्रोसेसची यादी तशीही वाचता येते. हीच हत्यारे आणखी एक कोडे सोडवतात : मोठी लॉग फाइल पुसली तरी डिस्क रिकामी होत नाही. नाव पुसले गेले, पण एखाद्या प्रोसेसने ती उघडी धरली आहे. शेवटचा क्रमांक सुटेपर्यंत जागा परत मिळत नाही.

विंडोजला मी एकच प्रकरण दिले आहे. तिथे कर्नेलची मर्यादा प्रोसेसमागे एक कोटी साठ लाखांच्या पुढे आहे, पण सी ग्रंथालय सुरुवातीला ५१२ च फायली देते. सोलॅरिसची गोष्ट वाचलेल्याला यात नवल वाटणार नाही. मॅकवर शेलमध्ये २५६ दिसतात, तेही त्याच प्रकरणात.

पुस्तक कोणी कसे वाचावे? इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी पहिल्यापासून, आणि सहाव्या आवृत्तीचे प्रकरण लायन्सचा मजकूर शेजारी ठेवून. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे मराठी धडे आधी पाहिले असतील तर आज्ञा चालवताना अडखळायला होणार नाही. नोकरीत असलेल्यांनी गळतीपासून सुरुवात करून मागे यावे. ज्यांचा सर्व्हर आत्ता, या क्षणी बसला आहे त्यांनी परिशिष्टातला तक्ता पाहावा. चूक क्रमांक २३ की २४ एवढे शोधले की त्यांना कोणत्या पानावर जायचे ते कळेल.